तीस मोजेपर्यंत

माझी मावशी तळ्याकाठी डायव्हिंग शिकवते. पत्र्याच्या खोलीत एका भिंतीला ओले रबरी सूट, दुसरीला हवेच्या टाक्या, आणि मधे ती, हातात चहा, तोंडाचा पट्टा चालू. समुद्रात शिकून आलेले पठ्ठे इथेही कमरेला तेवढीच वजनं बांधतात. "गोडं पाणी आहे बाबा, समुद्रासारखं वर ढकलत नाही, दोन किलो काढ," ती सांगते. ते ऐकत नाहीत आणि थेट गाळात जाऊन बसतात. वर आले की ती त्यांना सगळ्यांचे सूट धुवायला लावते.

टाकी लावून उतरणं हा तिचा धंदा. जीव मात्र टाकीशिवाय, एका दमात खाली जाण्यात. त्यात तिचा एकच नियम: माणूस वर आला, बोटांनी 'ठीक' अशी खूण केली, तरी तीस मोजेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. कारण शुद्ध हरपते ती बऱ्याचदा वर आल्यावर, सगळे टाळ्या वाजवत असताना. तिच्यासाठी काका, म्हणजे तिचे यजमान, मोजायचे, वैताग येईल इतक्या सावकाश. ते गेले आणि सहा वर्षं ती एकदाही तशी उतरली नाही.

"मोजणार कोण?" ती म्हणायची.

"मी मोजेन," मी म्हटलं.

"तू? गॅसवर दूध ठेवून विसरणारी?"

खोटं नव्हतं. दोन पातेली जळाली आहेत माझ्या हातून. पण मी हटून बसले. मग महिनाभर शिकाऊ लोक वर आले की मी मोजायचं आणि मावशीने मागून ओरडायचं, "अगं, फोन वाजतोय तुझा!" पहिल्या आठवड्यात मी दर वेळी वळले. शेवटच्या आठवड्यात एकदाही नाही.

रविवारी सकाळी तिने पाण्यात सोडलेला दोर धरला आणि ती एका दमात वीस मीटर खाली गेली. परतताना शेवटच्या टप्प्यात मी पाण्याखाली तिच्यासोबत होते. आम्ही वर आलो. तिने मास्क काढला, खूण केली, हसली. किती वर्षांनी तशी हसली! काठावर टाळ्या पडल्या, कुणीतरी मला हाक मारली. खरं सांगते, मान वळायला आली होती.

आठ. नऊ. दहा.

अकराला तिचे ओठ निळे पडले आणि हनुवटी पाण्यात गेली. माझी पाचावर धारण बसली. हातांनी मात्र त्या महिन्यात मावशीने शिकवलेलं केलं: तोंड पाण्याबाहेर धरलं, गालावर थापटलं, चेहऱ्यावर फुंकर मारली.

"मावशी, श्वास घे. घे गं श्वास!"

तिने घेतला. डोळे उघडले.

"किती झाले?"

"अकरा."

"मग थांबलीस का?"

मी रडत बारा म्हटलं, तेरा म्हटलं.

"सावकाश," ती डोळे मिटून म्हणाली. "तुझे काका मोजायचे तसं."