हौगांगच्या नर्सआजी

सिंगापूरमधल्या हौगांगला राहायला गेलो तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन कुटुंब होतं. मुलगी संशोधनाच्या कामावर, जावई सतत दौऱ्यावर, आणि नातीला सांभाळायला आलेल्या, सत्तरीला टेकलेल्या आजी. उंच, काळ्या वर्णाच्या, केस पांढरेशुभ्र. सिंगापूरच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आंटी म्हणू लागले.

माझा नवरा सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळीच परतायचा. मी नागपूरला नर्सिंग करून काही वर्षं सरकारी दवाखान्यात काम केलं होतं. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर आले आणि घरीच बसले. माझा मुलगा आणि आंटींची नात एकाच किंडरगार्टनला जायचे. त्यांना सोडून आम्ही दोघी बाजार करून यायचो. आंटी नेहमी भेंडी घ्यायच्या. त्यांच्या गावाकडेही ती पिकते आणि टोमॅटोत शिजवून खातात, हे ऐकून मला नवल वाटलं होतं.

एकदा इमारतीखाली खेळताना माझ्या मुलाचा गुडघा फुटला. आंटींनी जखम ज्या सराईतपणे धुतली, ते पाहून मी विचारलं आणि त्या नर्स होत्या हे कळलं. मग त्या थोडं थोडं सांगत गेल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात त्यांचा जन्म. आई लोकांच्या घरचे कपडे धुवायची. गावच्या हॉस्पिटलात काळ्यांचा वॉर्ड वेगळा, तळघरात. कायद्याने तो भेद उठला, तेव्हा वरच्या मजल्यावर नेमणूक झालेल्या पहिल्या काळ्या नर्स म्हणजे आंटी. पहिल्याच आठवड्यात एका गोऱ्या म्हातारीने त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायला नकार दिला. मुख्य नर्सने आंटींना दुसरीकडे जायला सांगितलं.

"मी म्हटलं, ही माझी पेशंट आहे. तिला राग यायचा तर येऊ दे, पण चादर मीच बदलणार."

"मग?"

"बदलली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जाताना आभारही मानले नाहीत. पण बरी होऊन गेली."

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. नर्सिंगच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी मला आडनाव विचारलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी खोलीतल्या मुलीने तिचा पाण्याचा माठ उचलून मैत्रिणीच्या खोलीत नेऊन ठेवला. आम्ही बौद्ध. ही गोष्ट मी इथल्या ओळखीच्या मराठी बायकांनाही कधी सांगितली नव्हती. आंटींना सांगितली. त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. एवढंच विचारलं, "कोर्स पूर्ण केलास?"

"केला."

"मग घरी का बसलीस?"

माझ्याकडे कारणं होती. सार्सची साथ नुकतीच ओसरली होती, नवरा हॉस्पिटलचं नाव काढू देत नव्हता आणि माझं इंग्रजी अडखळायचं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांची नात शाळेला जायचं नाही म्हणून हटून बसली. "डोन्ट वॉन्ट, ला," एवढंच इथल्या मुलांच्या ढंगात म्हणायची. खूप विचारल्यावर कळलं, वर्गातली एक मुलगी रांगेत तिचा हात धरत नव्हती. तिच्या हाताचा रंग लागतो, म्हणायची. नातीची आई संतापली, तक्रार करायला निघाली. आंटींनी तिला थांबवलं. त्या स्वतः शाळेत गेल्या, पण तक्रार घेऊन नाही. मुलांना बँडेज बांधायला शिकवते, तासभर द्या, असं त्यांनी शिक्षिकेला सांगितलं. मदतीला मला नेलं.

आदल्या दिवशी त्यांनी बरोबर आणलेला आपला जुना पांढरा गणवेश इस्त्री केला. कमरेला तो जरा घट्ट होत होता. वर्गात गेल्यावर त्यांनी मुलांच्या जोड्या लावल्या आणि नातीसमोर नेमकं त्याच मुलीला बसवलं. ती मुलगी हात पुढे करेना. आंटी रागावल्या नाहीत. तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा हात मोडलाय असं समज. डॉक्टर यायला वेळ आहे. आता हीच तुझी नर्स."

मुलीने आंटींच्या गणवेशाकडे पाहिलं. मग हात दिला.

नातीने जीभ बाहेर काढून, मन लावून बँडेज गुंडाळलं. "थोडं सैल कर. तिची बोटं गार पडायला नकोत," आंटी म्हणाल्या. नातीने ते सोडून पुन्हा बांधलं. इकडे मी इतर मुलांच्या पट्ट्या नीट करत होते. हात आपसूक चालत होते. कितीतरी दिवसांनी मला पुन्हा नर्स झाल्यासारखं वाटलं.

ती मुलगी बँडेजसकट घरी गेली. तिने ते आंघोळीलाही काढू दिलं नाही, असं तिच्या आईने दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं. त्या दोघी पुढे जिवलग मैत्रिणी झाल्या असं नाही, पण रांगेत हात धरू लागल्या. नात शाळेला जाऊ लागली.

मी इथे नर्स म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. नवऱ्याशी चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी आंटींनीच त्याला चहाला बोलावलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही, पण त्यानंतर माझ्या इंग्रजीच्या सरावाला तोच बसू लागला. तोआ पायोहजवळच्या एका वृद्धाश्रमात मला काम मिळालं. माझी दुपारची ड्युटी असली की मुलगा आंटींकडे थांबायचा. तो त्यांना मराठीत 'आजी' म्हणायचा आणि त्याही 'ओ' द्यायच्या.

मुलीचं काम संपल्यावर त्या अमेरिकेला परतल्या. जाण्याआधी एकदा माझा वॉर्ड बघायला आल्या. एक चिनी आजोबा मला हाक मारून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होते आणि मी शिकलेल्या चार शब्दांत त्यांना उत्तर देत होते. आंटी दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. मग आत आल्या, आजोबांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "तू काम कर. मी बसते इथे थोडा वेळ."