दोघींचं एक नाक

इस्रायलमधल्या किर्यात मलाखी गावाच्या बाहेर, संत्र्यांच्या बागा संपतात तिथे एक छोटा कारखाना होता. साबण, केसांचं तेल आणि उन्हाळ्यासाठी संत्र्याच्या फुलांचं कोलोन, एवढंच तिथे बनायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे तीन वर्षं काम केलं. मुंबईत इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून इथे मला ऑफिसातलं काम मिळेल असं घरच्यांना वाटत होतं. मिळालं ते बाटल्या धुण्याचं. महिन्यातून दोनदा मॅनेजर मला बोलावून परदेशातल्या तेलवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहायला सांगायचा, तेवढंच काय ते शाळेचं चीज. बाकी दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे. मला ते बरं वाटायचं.

नोकरी मावशीने मिळवून दिली होती. सख्खी मावशी नव्हे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची, मूळची अलिबागकडची, नवरा वारलेला, मुलगा सैन्यात. कारखान्यात तिचं काम वास घेण्याचं. नवा माल तयार झाला की त्यातला थोडा तिच्या टेबलावर यायचा. मावशी त्याला घाणा म्हणायची, भजीचा असतो तसा. टीपकागदाची पट्टी त्यात बुडवायची, फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीत दुसरी बुडवायची, आणि दोन्ही हुंगून सांगायचं, सारखा आहे की नाही. तेल जुनं झालं असेल तर टर्पेंटाइनसारखा वास मारतो. तसा घाणा बाटल्यांत भरायचा नाही.

हे काम तिला कसं मिळालं हे ती रंगवून सांगायची. पहिल्या वर्षी ती पट्ट्यावर, म्हणजे सरकत येणाऱ्या बाटल्यांना झाकणं लावायला उभी होती. एकदा तिथूनच ओरडली की आजचा माल खराब आहे. सगळे हसले, आणि तपासल्यावर माल खरंच खराब निघाला. "नाक आहे गो माझं, नाक! आमच्या गावात मासळीवाली मला बघून टोपली झाकायची."

पण तिला त्या नाकापेक्षा टेबलापुढच्या खुर्चीचं मोल जास्त होतं. तिचे गुडघे गेलेले होते. बसच्या पायऱ्या ती आडवी होऊन चढायची. त्या आख्ख्या शेडमध्ये बसून करायचं एकच काम होतं आणि ते तिच्याकडे होतं. ते गेलं की पट्टा. पट्ट्यावर आठ तास उभं राहायचं.

त्या कोलोनला फुलांचा वास होता असं म्हणणं पूर्ण खरं नाही. वसंतात बागा फुलल्या की बसच्या खिडकीतून आत यायचा तो खरा वास, जड आणि गोड, थोड्या वेळाने डोकं धरायला लावणारा. बाटलीतला वास आंघोळ करून आल्यासारखा होता. साबण, जरासं कडू पान, उन्हात वाळलेली चादर. खामसीन, म्हणजे वाळवंटाकडचा गरम वारा सुटला की बायका ते कोलोन मानेवर, मनगटावर चोपडायच्या आणि पाच मिनिटं माणसांत यायच्या. मला सुरुवातीला तो वास फार आवडायचा. सहा महिन्यांनी तो माझ्या भातात, उशीत, केसांत होता. मग तो येईनासा झाला तरच लक्षात यायचं.

मावशीचं नाक गेलंय हे मला एका सकाळी कळलं. आदल्या महिन्यात ती तापाने आठ दिवस पडून होती. त्या सकाळी तिच्या टेबलामागचं गटार तुंबलं. आम्ही सगळ्या तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालो. मावशी तिथेच बसून चपाती-भाजी खात होती.

मी दारातून वळून तिच्याकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं आणि हातातला घास डब्यात ठेवला.

"कळलं ना तुला?"

"डॉक्टरकडे जाऊया का?"

"क्लिनिकमध्ये? तिथली नर्स मॅनेजरच्या शेजारी राहते. संध्याकाळपर्यंत बातमी त्याच्या ताटात." डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "येईल परत. तापाने जातं, येतं. तोवर तू आहेस ना, बाय."

तोवर म्हणजे किती, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

आमची पद्धत अशी ठरली. घाण्यातलं थोडं मी भांड्यात आणून द्यायचे, ते माझंच काम होतं. आणताना वाटेत हुंगायचं. चांगला असेल तर पट्टी पेल्यात उभी ठेवायची. खराब असेल तर बशीत आडवी. मग मावशी चष्मा वर करून, डोळे मिटून, पूर्वीसारखंच सावकाश हुंगायची, मान हलवायची आणि मॅनेजरला हिब्रूत सांगायची, "बेसेदेर." ठीक आहे. कधी कधी ती इतकं छान करायची की मलाच वाटायचं, आलं वाटतं परत.

"आज आला का गं थोडा वास?" मी एकदा विचारलं.

"फुलाचा नाही. धुराचा एकदा आल्यासारखा वाटला. मग कळलं, धूर डोळ्यांना दिसला होता, नाकाला नाही."

आम्ही हसलो. पण असं दहा महिने चाललं, आणि ते मला जड गेलं. मी आजारी पडू शकत नव्हते. कांदा खाऊन जाऊ शकत नव्हते. सुट्टी घेतली तर ती विचारायची, "कुठे चाललीस? घाणा आहे उद्या." घरी आई म्हणायची, तू बाटल्याच धुतेस ना, मग एवढी कशाने दमतेस? तिला काय सांगणार? एक नाक दोघींसाठी वापरून दमते, हे कुणाला खरं वाटलं असतं?

उन्हाळ्याच्या तोंडावर मला सर्दी झाली. नाक पूर्ण बंद. बाहेर खामसीन, दुकानांची मागणी वाढलेली, आणि सकाळी सातलाच घाणा तयार. मी भांडं टेबलावर ठेवलं आणि पट्टी हातातच धरून उभी राहिले.

"उभी की आडवी?" मावशीने हळूच विचारलं.

"मला कसलाच वास येत नाहीये. सर्दी आहे."

"आजच? मेल्या सर्दीला आजच मुहूर्त मिळाला?" तिने भांड्याकडे पाहिलं, रंगात काही दिसतंय का म्हणून. "मागचे सगळे चांगले निघाले. हाही चांगलाच असणार. ठेव उभी."

"आणि खराब असला तर?"

"तर लोक म्हणतील, यंदा वेगळा काढलाय. ठेव गो."

मी पट्टी पेल्यात उभी ठेवली, तेवढ्यात मॅनेजर आला. रुमानियाहून आलेला, उंच, नेहमी घाईत. "नू? काय मग, भरायला घेऊ?"

मावशीने डोळे मिटले, हुंगलं, मान हलवली. "बेसेदेर."

आणि मी म्हणाले, "थांबा. मला आज वास येत नाहीये."

मी हे हिब्रूत म्हणाले, आणि मोठ्याने. कारखान्यात तोवर मी कधीच एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. खराब माल जाऊ नये म्हणून बोलले, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं असं की मला फार दमायला झालं होतं.

मॅनेजर हसला. "तुला कोण विचारतंय? नाक हिचं आहे." मग त्याचं हसू थांबलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्यातल्या पट्टीकडे, मग मावशीकडे. तो गेला आणि दोन पट्ट्या घेऊन आला. एक कोलोनची, एक फरशी पुसायच्या औषधाची. दोन्ही तिच्यापुढे धरल्या.

"कुठली आपली?"

मावशीने पट्ट्या हातात घेतल्यासुद्धा नाहीत. तिला अंदाज करता आला असता, दोनातली एक बरोबर आली असती. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "सांग त्याला. तुझं हिब्रू माझ्याहून चांगलं."

"काय सांगू?"

"जे आहे ते. तापानंतर गेलं म्हणून सांग. कधी गेलं ते पण सांग. आता अर्धं कशाला ठेवतेस?"

मी सगळं सांगितलं. एकेक वाक्य. तो ऐकत होता आणि मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती, भाषांतर बरोबर करते आहे की नाही ते तपासत असल्यासारखी.

मग त्याने साबणखात्यातल्या बाईला बोलावून तो घाणा हुंगायला लावला. घाणा चांगला होता. अगदी नमुन्यासारखा.

दुसऱ्या सोमवारपासून मावशी पट्ट्यावर गेली आणि टेबल मला मिळालं. मी नको म्हणून पाहिलं. मॅनेजर म्हणाला, दहा महिने तूच करत होतीस ना? पट्ट्यापाशी तिच्यासाठी एखादं स्टूल ठेवता येईल का, हेही मी विचारलं. हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. तो म्हणाला, तिथे जागा नाही, झाकणं उभ्यानेच लागतात.

आठवडाभर मावशी माझ्याशी बोलली नाही. बसमध्ये पुढे बसायची, उतरताना दांडा धरून एकेक पाय खाली सोडायची. मी हात पुढे केला की दुसऱ्या बाईचा हात धरायची. टेबलापाशी मला नीट बसवत नसे. खुर्चीच्या टोकाशी टेकायचे, कुणी बोलावलं की लगेच उठता यावं तशी.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती लंगडत माझ्या टेबलापाशी आली. हाताच्या बोटांना झाकणांनी चरे पडले होते. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे काय बसणं?"

मी उठायला लागले.

"अर्ध्या कुल्ल्यावर बसलीस म्हणून माझे गुडघे दुखायचे थांबतील काय? खुर्ची घेतलीस ना? मग नीट बस."

"मी घेतली नाही, मावशी."

"बरं, नाही घेतलीस. पण बसली आहेस तू, मी नाही. मागे सर."

ती तिथेच उभी राहिली. मी पाठ टेकेपर्यंत ती हलेना. शेवटी मी मागे सरकले. घंटा झाली तशी ती टेबलाची कड धरून वळली आणि पट्ट्याकडे निघाली. मी सकाळपासून राहिलेलं भांडं पुढे ओढलं आणि पट्टी बुडवली.