कानातला मामा

माझ्या भाच्यानं मला फसवलं. एकदा नाही, परदेशात पाय ठेवल्यापासून कित्येक आठवडे, ठरवून, गोड बोलून फसवलं. एवढ्या गरीब चेहऱ्याचा एवढा पोचलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि आता तर तो जिल्ह्यातही नाही. माझा धंदा बारदान्याचा. फाटकी पोती गोळा करायची, रस्त्याच्या कडेला बसून शिवायची, असं करत करत मी दुकान उभं केलं. हळदीच्या हंगामात भलेभले आडते माझ्याशी पोत्यांचा भाव करायला येताना आधी घरून पाणी पिऊन येतात. अशा मला त्या पोरानं गंडवलं, ज्याला स्वतःपुरती कोथिंबिरीची जुडी धड घेता येत नाही.

हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे रागानंच म्हणतो, पण खरं आहे. शिरड शहापूरला माझी बहीण त्याला भाजीला पाठवायची आणि हा किडकी वांगी घेऊन यायचा. का, तर त्या बाईकडं तेवढीच उरली होती आणि तिला घरी जायचं होतं. एकदा कळमनुरीच्या बाजारात मी एका घोंगडीवाल्याला खाली खाली आणत अशा जागी आणलं होतं, की तो आता कपाळाला हात लावून हो म्हणणार. तेवढ्यात माझ्या पाठीमागून मऊ आवाज आला, "मामा, एवढ्यात त्यायला परवडन का?" घोंगडीवाला ताठ झाला, पुन्हा मांडी घालून बसला आणि पहिल्या भावावर गेला. त्या दिवशी मी भाच्याला तिथंच सोडून एकटा घरी आलो. तो मागून आला, खांद्यावर तीच घोंगडी घेऊन.

दुसरा गुण नकलांचा. सुट्टीत तो माझ्या दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा आवाज उचलायचा. लिलाव पुकारणारा, शाळेचे हेडमास्तर, एसटीचा नाकात बोलणारा कंडक्टर, सगळे त्याच्या गळ्यात राहायला. एकदा मी जेवायला गेलो असताना थप्पीमागून त्यानं माझा आवाज काढला. एक जुनं गिऱ्हाईक पोत्यांच्या ढिगाऱ्याशी हात जोडून भाव कमी करा म्हणत उभं राहिलं होतं. मी परत आलो तेव्हा ढिगारा त्याला कर्जबाजारी होण्याची भीती घालत होता, आणि तेही थेट माझ्याच शब्दांत.

पोरगं हुशार. जर्मनीत ड्रेस्डेन नावाच्या शहरात शिकायला जायचं ठरलं. दोन वर्षांत परत येतो, मग तुमच्या दुकानाला नवं रूप देतो, असं त्यानं मला पोत्यावर बसून सांगितलं. जायच्या आधी मी त्याला माझी सगळी विद्या दिली. देश कोणताही असो, दुकानदार तो दुकानदारच. आवडलेल्या मालाकडं बघायचं नाही. भाव ऐकला की हसायचं. आणि शेवटचं, सगळ्यात मोठं: "उठून चालायला लागायचं. मागं वळून बघायचं न्हाई. इकायचं असन तर त्यो हाक मारनच." त्यानं मान हलवली. हैदराबादच्या विमानतळावर तो आत गेला तो एकदाही वळला नाही. बहीण रडत होती. मी तिला म्हणालो, बघ, शिकला.

पहिल्याच शनिवारी फोन आला. "मामा, बटाटे घेऊन राहिलो. कानात ऱ्हा." व्हिडिओ करता येत नव्हता, तिथल्या लोकांना कॅमेरा खपत नाही म्हणे. मी दुकानात बसून फोन मोठ्या आवाजावर लावला. दुकानदाराचा घसा बैलासारखा होता. तो गुरगुरायचा, भाचा मला मराठीत सांगायचा, मी उलट तोफ डागायचो. याच्यापेक्षा बरे बटाटे आमच्याकडं ढोरायला घालतेत, असं त्याला सांग, म्हणालो. भाचा जर्मनमध्ये काहीतरी बोलला. तिकडून आणखी गुरगुर आली. मी म्हणालो, चालायला लाग.

तो चालायला लागला. पावलं ऐकू यायची, मग ट्रामची घंटी. हाक आली का, मी विचारायचो. न्हाई मामा. मग चाल. असं करत तो पुलावर जायचा. नदी केवढी, पाणी किती संथ, हे सांगायचा. नदीकाठच्या गवतावर उघडी माणसं पडलेली दिसली तेव्हा म्हणाला, "मामा, आपल्याकडं हळद वाळू घालतेत तशी इथं माणसं वाळू घातलीत." कधी चर्चच्या घुमटापर्यंत, कधी ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, जिथं शहर संपून शेतं लागतात. आणि मग, मी आशा सोडायच्या बेतात असताना, धापा टाकत तो जर्मन दुकानदार मागून यायचा. "आला मामा, पळत आला." मी दिलेल्या भावात सौदा व्हायचा. दुकानात बसलेले आडते एकमेकांकडं बघायचे आणि चहा मागवायचे.

असं मी जाकीट घेतलं, सायकल घेतली, त्याचे केस कापून घेतले. एकदा तर ट्रामच्या कंडक्टरला तिकिटात नमवलं. तो नाकात बोलायचा, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. हिंगोलीत माझं नाव झालं होतं. लोक म्हैस घ्यायच्या आधी माझा सल्ला घ्यायला यायचे. ज्यानं जर्मन मोडला, त्याला म्हशीवाला काय चीज.

मग भाच्याच्या खोलीत राहणारा एक पोरगा स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला गावी आला. कनेरगाव नाक्याचा. भाच्यानं दिलेलं चॉकलेटचं पाकीट घेऊन दुकानात आला, चहा घेतला आणि माझ्याकडं बघून हसू दाबायला लागला. "काका, तुमीच का ते कानातले मामा?"

मग त्यानं सरळ सांगितलं. तिथं भाव मालावर चिकटवलेला असतो, तो कोणी कमी करत नाही. पोरं बटाटे घेतात त्या दुकानात तर गल्ल्यावर माणूसच नसतो. आपणच माल मशीनला दाखवायचा, मशीन टिंग करतं, पैसे भरून निघायचं.

"मग भांडत कोण व्हतं माझ्यासंगं?"

"त्योच. दोन्ही आवाज त्याचेच. सुरवातीला लोक थांबून बघायचे."

म्हणजे मी एका मशीनचा बाप काढला होता. समोर बसलेला आडत्या चहाचा रिकामा कप तोंडाला लावून छताकडं बघत राहिला.

मी लगेच फोन लावला. जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या, मग विचारलं, काहून केलं असं. तिकडून त्याचा स्वतःचा, मऊ आवाज आला. "मामा, इथं दिवसभर चाललं तरी मागून कुणी हाक मारत न्हाई. भाषा येत नव्हती, वळखीचं कुणी नव्हतं. तुमी तेवढे घडीघडी इचारायचे, हाक आली का म्हणून."

आवाज तुटून राहिला, असं म्हणून मी फोन ठेवला.

आता त्याला ते शहर पाठ झालं आहे. शिक्षण संपलं, नोकरी लागली. रविवारी फोन येतो, थोडका. सगळं बरं हाय म्हणतो. बटाटे कसे घेतो ते सांगत नाही. परत येण्याचा विषय काढत नाही आणि मीही काढत नाही. घोंगडी तिकडंच घेऊन गेला आहे म्हणे, अंगावर घेतो. मी त्याला दिलेली विद्या त्यानं एकाच सौद्यात वापरली आणि तोही माझ्याशीच. उठला, चालायला लागला, मागं बघत नाही. आणि मी माझ्या सगळ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला मागून हाक मारलेली नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे.

तेव्हा या सौद्यात हाक कुणी मारायची, याचा जबाब मला त्याच्याकडून पाहिजे. फोनवर नको. फोनवर कोणता आवाज कुणाचा, याचा मला भरवसा राहिलेला नाही. त्यानं हिंगोलीला यावं, माझ्यासमोर पोत्यावर बसावं आणि जबाब द्यावा.