न उतरलेलं अंड

बाळाला अंघोळ मी घालायचो. उन्हाळ्यात नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून बादल्या आदल्या दिवशीच भरून ठेवायच्या. मग पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं आणि तेल जिरवायचं. घरात जनावरांचा डॉक्टर असण्याचा एवढा तरी फायदा, असं बायको म्हणायची.

अंग चोळता चोळता माझा हात त्याच्या जांघेपाशी थांबायचा. डावीकडची पिशवी रिकामी होती, अंड खाली उतरलंच नव्हतं. सहा महिने वाट पाहा, असं बाळाचे डॉक्टर म्हणाले होते. वाट पाहणं माझ्या स्वभावातच नाही. रोज चाचपायचो. तबेल्यावर घोड्याचा खूर हातात असला तरी डोक्यात तेच.

बहरीनला येण्याआधी मी अरुणाचलात याकांच्या पैदाशीवर काम करत होतो. गोऱ्ह्याचं अंड उतरलं नसेल, तर वळू म्हणून तो बाद. दोष पुढच्या पिढीत उतरतो. गोऱ्हा कितीही देखणा असो, मालक कितीही गयावया करो, मी बधत नसे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता मात्र सारखी धास्ती वाटायची.

अंड उतरलंच नाही. मनामातल्या हॉस्पिटलच्या सर्जनने ऑपरेशन सुचवलं. छोटंसं काम आहे, इंशाल्ला सगळं ठीक होईल, म्हणाले. घरात आधी कुणाला असं होतं का, असंही विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो आणि वर इतके प्रश्न विचारले की बायकोने माझा गुडघा दाबला.

जुफैरच्या आमच्या फ्लॅटवर परत आल्यावर ती म्हणाली, "तो तुझा गोऱ्हा नाहीये. उद्यापासून अंघोळ मी घालणार."

मला राग आला. हॉल ते किचन येरझाऱ्या घालतच मी आईला फोन लावला, स्पीकरवर. ऑपरेशनचं सांगितलं. ती अजिबात घाबरली नाही.

"तुझंही असंच होतं की. वर्षाचा होता होता उतरलं. त्यात सांगायचं काय?"

ज्याला इतकं भीत होतो, ते माझ्याकडूनच आलं होतं. फोन ठेवल्यावर बायकोने बाळाला उचलून घेतलं.

"तू तुझ्याच तावडीत सापडला असतास," ती म्हणाली, "तर हा झालाच नसता."

बाळाला माझ्या मांडीवर ठेवून ती दूध गरम करायला गेली. ते माझं बोट चोखू लागलं. दुसरा हात कुठे ठेवावा, मला कळेना.