बाळाराम का थांबला

भिवंडीच्या निजामपुऱ्यात फखरुद्दीनचा सत्कार झाला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. मी केसरीनाथ, कशेळीचा रिक्षावाला. शाळेपासूनचा त्याचा दोस्त, म्हणून मलाही मान. त्याला शाल घातली, गुलाबाचा हार घातला. आपल्या मोहल्ल्याच्या माणसानं परदेशात एक पैसा न घेता वादळात सापडलेल्यांची सेवा केली, असं माईकवर सांगितलं. आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून बसलेला. मग मध्येच उठला, शाल खुर्चीवर ठेवली आणि चपला शोधायला लागला. माझं डोकंच फिरलं. लोक कौतुक करतायत आणि याचे नखरे चाललेत.

बाहेर गाठून त्याला चांगला झापला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, उद्या सकाळी मला दिघाशीला ने. तिथं तुझं कोण आहे विचारलं, तर म्हणे रस्त्यात सांगतो.

सकाळी रिक्षात त्यानं सांगितलं ते असं. फखरुद्दीन बारा वर्षं मस्कतला एका कापडाच्या दुकानात कामाला. २००७ च्या जूनमध्ये तिथं वादळ आलं. बचावाचं काम करणाऱ्यांकडे मजुरांचे फोनावर फोन यायला लागले, पण मजुरांना अरबी येईना आणि तिथल्या साहेबांना हिंदी कळेना. दुभाषे हवेत असं कानावर आलं तसा हा स्वतःहून गेला. अरबी तिथं शिकलेला, आणि कापडाच्या लूमच्या गल्लीत वाढलेला माणूस, हिंदी-उर्दू काय, तेलुगूसुद्धा तोडकंमोडकं बोलतो. कुठे आहात, किती जण आहात, एवढं विचारायचं आणि साहेबांना सांगायचं, अशी ड्युटी. आपल्या मनानं कुणाला सल्ला द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पोराचा फोन आला. हिंदीत बोलत होता, पण मध्येच बाजूच्याला ‘न्हाय रं’ म्हणाला. याचे कान टवकारले. गाव कुठलं विचारलं, तर दिघाशी, तालुका भिवंडी. दोघांचाही जीव भांड्यात पडला. पोराचं नाव बाळाराम, गवंडीकाम करायचा. खोलीत चौघं जण होते, पाणी उंबऱ्याला लागलेलं. बाकीचे तिघं टेकडीकडे पळायला निघाले होते, आणि मी पण जाऊ का, असं तो विचारत होता.

फखरुद्दीन म्हणाला, “थांब. माळ्यावर चढून बस. ओहोटी लागली की पाणी उतरेल.”

खरं सांगतो, मी असतो तरी हेच सांगितलं असतं. आमचं पाणी खाडीचं. भरतीला घरात शिरतं, ओहोटीला निघून जातं. लहानपणी मी आणि फखरुद्दीन कारखान्याच्या माळ्यावर पाय सोडून बसायचो आणि पाणी उतरायची वाट बघायचो. पण तिथं पाणी समुद्राकडून आलंच नव्हतं. डोंगरातून आलं होतं, वर्षभर कोरड्या पडलेल्या नदीतून. त्याला कसली ओहोटी. तासाभरात ती खोली वाहून गेली, आणि मदतीची गाडी पोचली तेव्हा तिथं नुसता चिखल होता.

पळालेले तिघं वाचले. चार दिवसांनी एका शाळेतल्या छावणीत फखरुद्दीनला ते भेटले. आम्ही हाका मारल्या पण तो आला नाही, गावाला न्यायच्या सामानाची पेटी भरून ठेवली होती, तिच्यात जीव अडकला असेल, असं त्यांनी सांगितलं. त्यांना तरी काय माहीत. पण ज्याला माहीत होतं तो फखरुद्दीन गप्प बसला. मग तीच गोष्ट त्या तिघांबरोबर दिघाशीला पोचली.

मी रिक्षा बाजूला घेतली आणि त्याला म्हटलं, मेलेला माणूस परत येणार आहे का? कशाला त्याच्या म्हाताऱ्या आईचा जीव जाळतोस, आणि तुझाही?

“केसरी, गाव त्याला लोभी म्हणतंय,” तो म्हणाला, “आणि मी शाल घेतोय.”

मी रिक्षा चालू केली.

बाळारामच्या आईचं नाव राहीबाई. तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं, त्याच्या बायकोला, चंद्राला, चहा ठेवायला सांगितला. पाहुणा मस्कतहून आलाय म्हटल्यावर तिला धीर निघेना. तिनंच विचारलं, “तिघं पळालं. माजाच का न्हाय पळाला?” लोक पेटीचं बोलतात, चंद्राला पाणवठ्यावर बायका टोमणे मारतात, हेही सांगितलं.

फखरुद्दीननं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही. जाऊ का असं बाळारामनं विचारलं होतं, आणि थांब असं मी सांगितलं. आपल्याकडचा माणूस सांगतोय म्हणून त्यानं ऐकलं. चंद्रा दारात उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला.

राहीबाई म्हणाली, “म्हंजे पेटीसाठी न्हाय थांबला.”

“नाही मावशी. पेटीचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं.”

“मग ह्ये चार माणसांत सांग.”

म्हातारी स्वतः घरोघर जाऊन माणसं बोलावून आली. वीसेक जण जमले. वाचलेल्या तिघांतला हिरामणही आला. फखरुद्दीननं उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ‘थांब’ हा शब्दही वगळला नाही. एक जण हात उगारून पुढे आला, राहीबाईनं त्याला अडवलं. हिरामण चंद्रापुढे हात जोडून रडायला लागला.

माणसं पांगल्यावर राहीबाई फखरुद्दीनसमोर येऊन उभी राहिली.

“आलास त्ये बरं केलंस,” ती म्हणाली. “माज्या पोरावरचा डाग पुसलास. पर आता या दारात पुन्ना येऊ नको. तू बोलाय लागलास की मला वाटतं, माज्या पोरानं शेवटाला ह्योच आवाज आयकला.”

फखरुद्दीन काहीतरी बोलायला गेला, आणि तिच्याकडे बघून त्यानं तोंड मिटलं.