मुळांना चिकटलेली माती

२००४ साली नवरा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता आणि मी तिथून अडीच तासांवरच्या विद्यापीठात पीएचडी करत होते. शनिवारी तो ड्राइव्ह करून यायचा आणि मी त्याला ग्रीनहाउसमध्ये कामाला जुंपायचे.

माझे प्रयोग गव्हाच्या रोपांवर चालले होते. पेरणीआधी निम्म्या बियांना मातीतल्याच एका जिवाणूचा लेप द्यायचा, निम्म्या तशाच ठेवायच्या आणि रोपं वर आली की सगळ्यांचं पाणी तोडायचं. साधी रोपं आधी माना टाकत, लेपाची आणखी दोन-तीन दिवस तग धरत. पण का? पानांची सगळी मोजमापं झाली, उत्तर काही मिळेना.

त्या शनिवारी आम्ही मुळं धुऊन त्यांची वजनं करत होतो. कुंड्यांवर नुसते नंबर होते. लेप कुठल्या कुंडीत, हे त्याला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने तो वैतागला.

"यार, या बारा नंबरची माती निघतच नाहीये."

"नळाखाली जोरात धर."

"धरली ना! अकराची एका झटक्यात गेली. हे बघ, मुळांना मोजे घातलेत जसे काही."

मी ते रोप हातात घेतलं. बारा नंबरला लेप होता. ते त्याला कळू न देता मी म्हटलं, "माती चिकटून राहते ती डावीकडे ठेव, सुटते ती उजवीकडे."

शेवटी माझ्याकडच्या लेपाच्या यादीशी ताडून पाहिलं, तर त्याची दोनच रोपं चुकली होती. मला आनंदही झाला आणि लाजही वाटली. इतके महिने दर आठवड्याला मी तीच माती खरवडून मोरीत सोडत होते!

सोमवारी माझ्या प्राध्यापकबाईंना सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "मग आता धुणं थांबव आणि ती माती तोल."

पुढे कळलं, की हे जिवाणू बुळबुळीत चिकट पदार्थ सोडतात. त्याने माती मुळांना धरून राहते आणि जवळची ओल लवकर उडत नाही.

दोन वर्षांनी शेतात करून पाहिलं. एका शेतात फरक दिसला, दुसऱ्यात अजिबात नाही. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे फेल?"

"नाही रे," मी म्हटलं, "त्या दुसऱ्या मातीत आपल्या जिवाणूंच्या आधीपासून कोण राहतंय, ते बघायला हवं."