हार्लबीसाठी जिन्यावर

माझा नवरा शैलेंद्र पुण्याचा, नोकरी डेट्रॉइटच्या गाड्यांची, घर तिथल्याच नोव्हाय उपनगरात आणि जीव कुठे, तर इंग्लंडातल्या चौथ्या डिव्हिजनच्या हार्लबी टाउन नावाच्या फुटबॉल क्लबात. आता बोला. लग्नाआधी तिकडे एका प्रोजेक्टवर वर्षभर एकटा होता. तेव्हा त्याचे वडील अचानक गेले आणि याला विमान मिळालं दुसऱ्या दिवशीचं. खोलीत बसवेना म्हणून मॅचला गेला. शेजारच्या म्हाताऱ्याने काय झालं ते विचारलं आणि मॅच संपेपर्यंत याच्या पाठीवरचा हात काढला नाही. म्हणून मी या वेडाला नावं ठेवते, पण आड येत नाही.

यंदा क्लबचं पार वाटोळं झालं. मालक गायब, पगार थांबलेले, वर लीगने दहा गुण कापले. खेळाडूंचे कपडे प्रेक्षकांतल्या बायका घरी नेऊन धुवत होत्या. मे महिन्यातल्या शेवटच्या मॅचमध्ये निदान ड्रॉ तरी हवा होता. हरले तर लीगबाहेर, आणि मग क्लब घ्यायला तयार झालेला एकुलता एक माणूसही मागे फिरणार. म्हणजे कुलूपच.

त्या शनिवारी मी माझ्या मैत्रिणीला, राधिकाला, आणि तिच्या सासूबाईंना, सुमित्रामावशींना, साडेअकराला जेवायला बोलावलं होतं. शैलेंद्र दहापासून लॅपटॉपसमोर. हार्लबी एका गोलने मागे. मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन जिना उतरत होते, "अंघोळ तरी कर रे" म्हणायला तोंड उघडलं आणि हार्लबीने गोल केला.

"सुमेधा, तिथेच थांब. हलू नकोस."

क्रिकेटच्या वेळी माहेरी आम्हीही हेच करायचो, मग मी कुठल्या तोंडाने बोलणार? एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, अशी उभी राहिले. आतून मात्र चरफडत होते. गॅसवर भरली वांगी होती.

एरवी आमच्या मंडळींत वेळेवर कोणी येत नाही, पण या दोघी नेमक्या तेव्हाच आल्या. "दार उघडंच आहे, या," मी जिन्यावरूनच सांगितलं. मावशींनी मला बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं. "किती वेळ राहिलाय?" एवढंच विचारून त्या पायपुसण्यावरच उभ्या राहिल्या. राधिका त्यांच्यामागे दारात.

चार मिनिटं उरली असताना समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. शैलेंद्रने लॅपटॉप अर्धा मिटला.

"जा सुमेधा, वांगी करपतायत. संपलं हे."

त्याचा तो आवाज ऐकून मला इतका राग आला म्हणून सांगू. त्याचा नाही, त्या पळून गेलेल्या मालकाचा.

"करपू देत," मी म्हटलं. "उघड तो लॅपटॉप. मी हलत नाही."

त्याने उघडला. त्यांचा माणूस धावत आला आणि त्याने बॉल गोलच्या बारवरून थेट प्रेक्षकांत मारला. मग एक-एकवर शिटी वाजेपर्यंत घरात धूर भरत होता, स्मोक अलार्म कोकलत होता, आणि आम्हा चौघांपैकी एकही जण जागचा हलला नाही.